क्रिश्चन सातवा, १:९६ – दोन देशांचे फूट आणि मागच्या फळ्या

'क्रिश्चन सातवा' या डॅनिश युद्धजहाजाच्या आमच्या लाकडी मॉडेलचा हल (जहाजाचं धड) बल्कहेडपर्यंत, म्हणजे धडाला आकार देणाऱ्या आडव्या चौकटींपर्यंत, उभा राहिला आहे, फळ्या दोन्ही बाजूंनी अर्ध्यावर आल्या आहेत. सप्टेंबर १८०७ मध्ये कोपनहेगन शरण आल्यावर इंग्रजांनी डॅनिश आरमारासोबत नेलेलं हेच ते ८० तोफांचं जहाज. मालक बदलला म्हणून नकाशेही दोन प्रकारचे: मूळ डॅनिश आणि जहाज हाती लागल्यावर इंग्रजांनी काढलेले. घोटाळा इथेच होतो.

डॅनिश फूट साधारण ३१४ मिमी, इंग्रजी फूट ३०४.८. मॉडेलच्या १:९६ प्रमाणात पहिला ३.२७ मिमी, दुसरा ३.१७५. एका फुटात फरक दिसतही नाही, पण १८० फुटांत तो १७ मिमी होतो. बल्कहेड डॅनिश पानावरून आणि मागचा भाग इंग्रजी पानावरून घेतला, की शेवटच्या दोन बल्कहेडपाशी खांदा (पायरीसारखा उंचवटा) येतो आणि तो घासून जात नाही. प्रिंट काढल्यावर आधी पानावरची मोजपट्टी कॅलिपरने तपासा: ५० डॅनिश फूट १६३.५ मिमी, ५० इंग्रजी फूट १५८.७५ मिमी. प्रिंटरचं 'पानात बसवा' बंदच ठेवा.

या जहाजाचं खरं सौंदर्य मागे आहे. रचनाकार होलेनबर्गने मागचा भाग वर जाताना मुद्दाम चिंचोळा केला, म्हणजे मागच्या तोफांना तिरका मारा करता येतो. मॉडेलमध्ये मात्र फळ्यांना तिथे जागा कमी पडते. कागदाची पट्टी प्रत्येक बल्कहेडवर गुंडाळून घेर मोजा. आमच्याकडे मधे ९० मिमी, म्हणजे ५ मिमीच्या १८ पट्ट्या. शेवटी ६३, म्हणून प्रत्येक पट्टी ३.५ मिमीपर्यंत निमुळती. रुंदी निम्म्याखाली गेली तर दोन पट्ट्यांची एक करा. निमुळती न करता दाबून बसवलेली पट्टी वर चढते, तिची कड उचलते, आणि पॉलिश पेपरने ती कड घालवताना पातळ लाकूड आरपार जातं.

शेवटच्या तीन बल्कहेडना उतार द्या, नाहीतर पट्टी फक्त कडेवर टेकते. त्यांच्यामध्ये पांगाऱ्याचे ठोकळे भरून पुठ्ठ्याच्या साच्याने घासा. एकच साचा उलटवून दोन्ही बाजूंना लावा. शिवण लाकडाच्या १ मिमी जाडीच्या पट्ट्या कोमट पाण्यात भिजवून ठोकळ्यावर बांधून वाळवा. ओल्या चिकटवल्या तर आकसून फटी पडतात.

इंग्रजांना ही रेषा इतकी आवडली, की १८१५ चं 'केंब्रिज' जहाज त्यांनी हिच्यावरून बांधलं. मुंबई गोदीतलं 'वेलस्ली'ही याच घराण्यातलं ठरलं होतं, पण नकाशे नेणारं 'जावा' जहाज डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकनांच्या हाती पडलं आणि वेलस्ली शेवटी 'कॉर्नवॉलिस'च्या नकाशावर बांधलं गेलं. म्हणून वेलस्ली करणाऱ्यांनी हा मागचा भाग उचलू नये.

पुढचा टप्पा: तोफांच्या खिडक्या. त्या डेकच्या वाकाला धरून आखायच्या, फळीच्या सांध्याला धरून नाही.