अखेर आलेला अल्बम
आज दुपारी जे इलेक्ट्रॉनिका या रॅपरचा ‘अ रिटन टेस्टिमनी’ सलग दोनदा ऐकला. २००९ साली ‘एग्झिबिट सी’ या एका गाण्यामुळे ज्याच्याकडे सगळ्यांचे कान लागले, त्या न्यू ऑर्लिन्सच्या कलावंताचा पहिला अल्बम यायला मार्च २०२० उजाडावा लागला, आणि तोही दहाच ट्रॅकचा. प्रसिद्ध रॅपर जे-झी बहुतेक ठिकाणी सोबतीला आहे. माझ्या मते तो जरा जास्तच जागा व्यापतो. परंतु ठेका मागे सरून संथ गिटार आणि शब्द एवढेच उरतात, तिथे मी हातातले काम बाजूला ठेवले. शेवटच्या गाण्यात, जे फोन नंबर आता पुन्हा कधीच वाजणार नाहीत त्यांचा उल्लेख येतो, तेव्हा माझ्याच फोनमधले एक नाव डोळ्यांसमोर आले, जे मी अजून पुसलेले नाही.