उष्ट्या वाफेचं टर्बाइन : 'ऑलिंपिक'च्या इंजिनखोलीचं मॉडेल, पाचवा महिना

'ऑलिंपिक' म्हणजे टायटॅनिकचं बहीण-जहाज, तिच्या वाफेच्या इंजिनांचं हे मॉडेल. या महिन्यात क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल गोल फिरवणारा दांडा, पुन्हा केला. चारही क्रँक डाखून, घासून, पॉलिश करून झाल्यावर. कारण सांगायची लाज वाटते, पण सांगतो, म्हणजे तुमचं पितळ वाचेल. खऱ्या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची चाल, ७५ इंच, आपल्या १:४८ मापात ३९.७ मिलिमीटर. मी क्रँकच्या हातालाच ३९.७ दिले! स्ट्रोक हाताच्या दुप्पट असतो हे आठवीतलं पोरगंही सांगेल. पहिल्याच फेऱ्यात पिस्टन झाकणावर आपटला. आता हात १९.८ चा आहे आणि शाफ्ट कुठेही न अडता फिरतो.

सिलिंडर मात्र पटकन जमले. व्यास ५४, ८४, ९७ आणि पुन्हा ९७ इंच. ९७ चे होतात साधारण ५१ मिलिमीटर, म्हणजे नळवाल्याकडची ५० ची पीव्हीसी पाइप, वर कार्डशीटचा एक वेढा. ट्रिपल एक्स्पान्शन (एकच वाफ ओळीने तीन टप्प्यांत पसरवून वापरणारं इंजिन) म्हटल्यावर सिलिंडर तीनच हवेत, चौथा कशाला, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. वाफ तीनदाच पसरते, पण तिसऱ्या टप्प्याला एकच सिलिंडर घातला असता तर त्याचा व्यास १३७ इंच झाला असता. तेवढं ओतकाम आणि तेवढा जड पिस्टन टाळून तो दोघांत वाटला आणि दोघांना दोन टोकांना बसवलं. चार क्रँकमुळे हलत्या वजनांचा तोलही साधतो. मॉडेलातही हाच क्रम ठेवा. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावलेले सिलिंडर दिसले की माझं डोकं फिरतं.

या महिन्याचा खरा वेळ गेला टर्बाइनमध्ये, म्हणजे वाफेच्या झोताने पाती फिरवणाऱ्या यंत्रात. ऑलिंपिकची मालक कंपनी 'व्हाइट स्टार'ने जुनी पिस्टन इंजिनं ठेवली म्हणजे ते मागासलेले, असं आपल्यातही काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. प्रतिस्पर्धी कंपनी 'क्युनार्ड'च्या लुसिटानिया आणि मॉरिटानिया या जहाजांना २५ नॉट (तासाला २५ सागरी मैल) हवे होते, सरकारी कर्ज आणि वार्षिक मदत पाठीशी होती. तिथे थेट टर्बाइन ठीक. पण टर्बाइनला भरभर फिरायचं असतं आणि प्रोपेलरला सावकाश. मध्ये गिअर नसले की दोघांनाही मन मारावं लागतं आणि किंमत कोळशात मोजावी लागते. २१ नॉटच्या जहाजाने ती का मोजावी?

ऑलिंपिकमध्ये बेलफास्टच्या 'हारलँड अँड वुल्फ'ने दोन्ही बाजूंना पिस्टन इंजिनं ठेवली, प्रत्येकी १५,००० अश्वशक्ती, मिनिटाला ७५ फेरे. त्यांनी वापरून टाकलेली वाफ मधल्या पार्सन्स टर्बाइनला दिली. वाफेचे आकडे बघा. बॉयलरमधून निघताना एक पौंड वाफेला सुमारे २ घनफूट जागा लागते. टर्बाइनच्या दाराशी दाब चौरस इंचाला ९ पौंडांवर येतो, म्हणजे वातावरणापेक्षाही कमी, आणि तिथे कोरडी वाफ धरली तर ४२ घनफूट. कंडेन्सरपाशी, म्हणजे वाफ थंड करून पुन्हा पाणी करतात तिथे, १ पौंड दाबाला ३३३! इतकी फुगलेली वाफ घ्यायला पिस्टनला सिलिंडर नव्हे, दिवाणखाना लागेल. टर्बाइनच्या पात्यांना मात्र हेच मानवतं. या उष्ट्या वाफेवर मधला शाफ्ट १६,००० अश्वशक्ती द्यायचा, प्रत्येक पिस्टन इंजिनापेक्षा जास्तच.

नेहमी सांगितलं जातं की लॉरेंटिक आणि मेगँटिक ही 'व्हाइट स्टार'ची बहीण-जहाजं, पहिलं पिस्टन आणि टर्बाइन अशा जोडयंत्रणेचं आणि दुसरं निव्वळ पिस्टनचं, समोरासमोर ठेवून निर्णय झाला. ('क्युनार्ड'नेही १९०५ साली कॅरोनिया आणि कार्मानिया अशा जोडीवर टर्बाइन तपासलं होतं.) लॉरेंटिक सरस ठरली हे खरं, पण ती सेवेत आली एप्रिल १९०९ मध्ये आणि ऑलिंपिकचा कणा (तळाची मुख्य तुळई) डिसेंबर १९०८ मध्येच घातला गेला, म्हणजे बांधणी सुरू झाली होती. माझ्या मते मन आधीच झालं होतं, लॉरेंटिकने शिक्का मारला.

आता मॉडेलचा पेच. पिस्टन इंजिनांचे मिनिटाला ७५ आणि टर्बाइनचे १६५ फेरे, म्हणजे बरोबर २.२ पट. जुन्या प्रिंटरमधले ४४ आणि २० दात्यांचे गिअर मिळाले तेव्हा मी खुशीत होतो. एकाच मोटरवर तिन्ही शाफ्ट! मग लक्षात आलं, खऱ्या टर्बाइनला उलटी चालच नव्हती. जहाज मागे घेताना झडपा वाफ थेट कंडेन्सरकडे वळवत आणि मधला प्रोपेलर थांबे. गिअरने जोडलं तर तोही उलटा फिरणार. म्हणून गिअर परत डब्यात. मधल्या शाफ्टला वेगळी मोटर आणि तिच्या वायरीत एक साधा डायोड, वीज एकाच दिशेने जाऊ देणारा. पुढे चालवलं की तिन्ही फिरतात, वायरी उलटल्या की मधला गप्प. दोन रुपयांचा डायोड ०.७ व्होल्ट खातो, त्यामुळे मधला वेग थोडा कमी पडतोय. तिथे वेगळा रेग्युलेटर लावीन.

रोटर १२ फुटांचा, म्हणजे मापात ७६ मिलिमीटर. ७५ ची पाइप आणली आहे. पाती अजून कापलेली नाहीत. सनबोर्ड कडेला तुटतो, ॲल्युमिनियमचा पत्रा कातरताना वळतो. कुणी एवढी बारीक पाती केली असतील तर कशाची, ते सांगा. रविवारपर्यंत मी झडपांच्या पेट्या उरकतो.