तेरा एकराचा पाया

आपल्या शाळेच्या मैदानात गिझाचा मोठा पिरॅमिड बसत नाही. हे मला आठवीपासून माहितीये, कारण आम्ही मोजून बघितलंय.

झालं असं की इतिहासाच्या बाई जगातली सात आश्चर्यं शिकवत होत्या, पुस्तकात त्याला जेमतेम अर्धं पान, एक काळपट चित्र आणि खाली आकडे, पायाची एक बाजू २३० मीटर, मूळ उंची १४६ मीटर वगैरे. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, बाई २३० मीटर म्हणजे केवढं हो? आता "खूप मोठं" असं म्हणून पुढे जाता आलं असतं, पण बाईंनी थेट गणिताच्या सरांना हाक मारली, सरांनी शिपाईमामांकडून विहिरीचा दोर मागवला, मीटरपट्टीने मापून दर दहा मीटरला गाठ मारायला लावली आणि सगळा वर्ग मैदानात. ध्वजस्तंभापासून सुरुवात केली. मैदान संपलं तरी आकडा शंभराच्या पुढे सरकेना. तेव्हा कंपाऊंड नव्हतं, नुसतं काट्याचं कुंपण, त्यातून वाट काढून रस्ता ओलांडून आम्ही पलीकडच्या मळ्यात शिरलो आणि बरोबर कांद्याच्या वाफ्यात २३० भरले.

मळेवाले काका आले ओरडत. बाई शांतपणे म्हणाल्या, "दादा, राजाच्या थडग्याचा पाया आखतोय, एवढी बाजू होऊ द्या." आणि त्यांच्यासमोरच आम्हाला सांगायला लागल्या की हिरोडोटस नावाचा ग्रीक माणूस इसवी सनाआधी पाचव्या शतकात तिथे गेला होता, त्याला दुभाष्याने पिरॅमिडवरचा एक लेख वाचून दाखवला, म्हणे बांधकामाच्या मजुरांना नुसता मुळा, कांदा आणि लसूण पुरवायला १६०० टॅलेंट, म्हणजे तेव्हाच्या त्या वजनाच्या मापाने, चांदी लागली. काकांचा आवाज एकदम खाली आला, म्हणाले, म्हणजे कांद्याला भाव होता म्हणा तेव्हा. बाई हसल्या, पोरं हसली, पण वाफा तुडवल्याबद्दल बोलणी खायची ती आम्ही खाल्लीच.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर गणित घातलं. पायाची बाजू २३० मीटर, क्षेत्रफळ काढा, एकरात सांगा. आलं तेरा एकर. मग दगड साधारण २३ लाख, हिरोडोटस म्हणतो तशी वीस वर्षं धरा, दिवसाला दहा तास काम, तर किती वेळाने एक दगड बसला पाहिजे? उत्तर दोन मिनिटांपेक्षाही कमी येतं. आणि दगड सरासरी अडीच टनांचा. वर्गात आधी कुणाला पटेना, दोन-तीनदा भागाकार करून बघितला. बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या, त्या फक्त एवढंच म्हणाल्या, आता या लोकांच्या जेवणाचा हिशोब करा. तो काही आम्हाला जमला नाही, किती माणसं धरायची तेच ठरेना.

बाकीच्या सहा आश्चर्यांचं सांगायचं तर ती परीक्षेपुरतीच लक्षात राहिली. ऱ्होड्सचा पुतळा भूकंपात पडला, एफिससचं देऊळ एकाने आपलं नाव व्हावं म्हणून जाळलं, अलेक्झांड्रियाचं दीपगृह भूकंपांनी खाल्लं, बॅबिलोनच्या बागा तर खरंच होत्या का यावरच वाद. यादीतला सगळ्यात जुना तेवढा उभा. यात आपलं एकही कसं नाही असं आमच्यातल्या एकाने रागाने विचारलं होतं, तर बाई म्हणाल्या यादी ग्रीकांनी केली, त्यांनी त्यांच्या फिरण्यातलं लिहिलं, तू तुझी कर की. पुढे २००७ साली नवीन सात आश्चर्यांसाठी ताजमहालला मत द्या म्हणून सगळीकडे एसएमएसची धूम होती तेव्हा मला हे फार आठवलं. त्या वेळी इजिप्तवाले चिडले की आमचा पिरॅमिड काय स्पर्धेत उभा करता, मग त्याला मानाचं स्थान देऊन मतदानातून बाजूला काढलं. बरोबरच केलं म्हणतो मी.

पुढे मी सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि सर्व्हेमध्ये शिरलो, आधी कॅनॉलची कामं आणि मग गल्फ. दोर गेला, टोटल स्टेशन, म्हणजे मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र, आलं. तिथूनच एकदा सुट्टीत गिझाला गेलो. बरोबरचे सगळे उंटावर बसून फोटो काढत होते आणि मी पायाच्या कोपऱ्यावर बसून एका बाजूकडे एक डोळा मिटून बघत होतो, बायको म्हणाली इथेही साईटच का. पण काय लाईन आहे! चारही बाजूंच्या लांबीत फरक फार तर वीसेक सेंटीमीटर, आणि उत्तर दिशेपासून चूक एका अंशाच्या पंधराव्या भागाएवढी. होकायंत्र नाही, लोखंडी हत्यार नाही, तांब्याच्या छिन्न्या आणि दगडाचे गोटे. आजही आमच्याकडे एखादा ठेकेदार कंपाऊंडची भिंत सरळ घेऊ शकत नाही, जाऊ दे तो विषय.

या मोजणीचा पहिला चोख माणूस म्हणजे इंग्रज पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री. १८८० साली हा तिथे गेला तो खरं तर पिरॅमिडच्या मापात देवाने भविष्य लिहून ठेवलंय असं मानणारे लोक होते त्यांचं म्हणणं तपासायला, त्याचे वडीलही त्याच पंथातले. एका जुन्या थडग्यात मुक्काम केला, टुरिस्ट लोकांनी त्रास देऊ नये म्हणून गुलाबी बनियन-चड्डीवर काम करायचा, आणि इतकी काटेकोर मोजणी केली की ती सगळी थिअरी आडवी झाली. बाहेरच्या गुळगुळीत दगडांमधल्या सांध्यांची जाडी त्याने मोजली ती सरासरी अर्धा मिलीमीटर. आम्हा सर्व्हेवाल्यांना देव्हाऱ्यात ठेवायला हरकत नाही असा माणूस.

आणि तरी आपल्या बॅचच्या ग्रुपवर दर महिन्याला कुणी ना कुणी फॉरवर्ड टाकतोच की पिरॅमिड एलियननी बांधला. अरे, आठवीत दोर धरलेला होतास ना तू! हा मोठा पिरॅमिड खुफू राजाचा, त्याच्या बापाचं, स्नेफेरूचं काम बघा. मैदूमचा पिरॅमिड ढासळलेला. दहशूरचा एक ५४ अंशाने चढवायला घेतला, खालची जमीन भक्कम नव्हती, आत भेगा पडायला लागल्या तेव्हा घाबरून मध्येच कोन ४३ वर आणला, तो अजून वाकडाच उभा आहे. मग शेजारी दुसरा बांधला तो सुरुवातीपासून ४३ नेच. एवढं सगळं अंगावर काढल्यावर पोराच्या वेळी गिझाला जवळजवळ ५२ अंशाची हिंमत केली. परग्रहावरून येणारे येताना निदान जमीन तरी तपासून येतील की.

आता बाईंच्या जेवणाच्या हिशोबाकडे येतो, कारण त्याचं उत्तर आम्ही शाळा सोडल्यावर हळूहळू बाहेर येत गेलं. १९९० मध्ये गिझाजवळ एक घोडा कच्च्या विटांच्या भिंतीला ठेचकाळला आणि तिथे मजुरांची थडगी सापडली. राजाच्या पिरॅमिडच्या सावलीत मजुरांची थडगी, म्हणजे चाबकाखालचे गुलाम होते ही सिनेमातली गोष्ट गेलीच. त्यांचे सांगाडे बघितले तर पाठीचे मणके झिजलेले, गुडघे गेलेले, पण मोडलेली हाडं नीट जुळून आलेली, म्हणजे कुणीतरी बसवलेली. मार्क लेहनर या पुरातत्त्वज्ञाच्या टीमने त्यांची वस्तीच खणून काढली, त्यात बेकऱ्या, पावाचे मातीचे साचे, आणि गाई-बैल, शेळ्या-मेंढ्यांच्या हाडांचे ढीग. हिरोडोटस एका वेळी एक लाख माणसं म्हणतो, आता अभ्यासक वीस-पंचवीस हजारांच्या आसपास धरतात. टोळ्यांना नावं होती आणि ती नावं दगडांवर लिहिलेली आहेत, एक टोळी 'खुफूचे मित्र', आणि नंतरच्या मेनकौरे राजाच्या कामावरची एक चक्क 'मेनकौरेचे दारुडे'.

पण मला खरा धक्का बसला तो २०१३ मध्ये. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ म्हणून जुनं बंदर आहे, तिथल्या गुहांच्या तोंडाशी पियर ताले या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाच्या टीमला पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचे, तुकडे सापडले, लिहिलेले पपायरस म्हणून जगातले सगळ्यात जुने. त्यात मेरर नावाच्या माणसाची रोजची नोंदवही. हाताखाली चाळीसेक माणसं आणि बोट. नाईलच्या पलीकडे तुराच्या खाणीतून पांढरा चुनखडी दगड भरायचा, पुराच्या पाण्यावरून आणि कालव्यातून गिझाला पोचवायचा, परत जायचं. दहा दिवसांत दोन-तीन फेऱ्या. कोणत्या दिवशी कुठे माल भरला, रात्री मुक्काम कुठे, बस्स. राजाची स्तुती नाही, देवाचं नाव नाही. धान्याचे हिशोब वेगळ्या कागदांवर, लाल आणि काळ्या शाईत. वरचा साहेब अंखहाफ, खुद्द राजाचा सावत्र भाऊ, त्याचंही नाव आहे.

मेरर म्हणजे आपल्याकडच्या ऊसतोड टोळीचा मुकादम, अगदी तसाच. आपल्या वर्गातली कितीतरी पोरं दिवाळीनंतर दिसायची नाहीत, आईबापाबरोबर कारखान्यावर जायची, आणि उन्हाळ्यात परत आली की बाई हजेरीपटावरून त्यांची नावं मुद्दाम मोठ्याने घ्यायच्या, नाव कुणाचं कमी करायच्या नाहीत. त्यातलाच एक आज आमच्याबरोबर गल्फमध्ये फोरमन आहे, त्याला मी मेररची गोष्ट सांगितली तर म्हणाला, माझ्या डेली रिपोर्टमध्ये याच्यापेक्षा जास्त काय असतं?

मेररने आणलेले ते पांढरे दगड आता बहुतेक जागेवर नाहीत. पिरॅमिडचं बाहेरचं गुळगुळीत कवच त्यांचं होतं, ते मध्ययुगात काढून नेऊन कैरोच्या इमारतींना लावलं. खालच्या थरातले थोडे शिल्लक आहेत, मी हात लावून बघितला.

परवा शाळेच्या या स्मरणिकेत लिहितोय हे कळवायला बाईंना फोन केला होता. आता ऐकायला कमी येतं पण प्रश्न तसेच. मेररचं सगळं सांगून झालं, तर म्हणाल्या, "बरं, आणि मजुरी काय द्यायचे?" मी म्हटलं बाई, तेव्हा नाणी नव्हती, धान्य, पाव आणि बिअर.

"बिअर?"

हो बाई, सातूची, घट्ट असायची, जेवणातच धरायचे ती, रोजचा शिधाच होता.

बाई जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "हे तू स्मरणिकेत लिहिणार आहेस का? मुख्याध्यापकांना आधी दाखव."

दाखवलंय. त्यांनी राहू द्या म्हटलं.