विषय हाती असतो, नाटक नसते

स्वतंत्र नाटक लिहायला बसणारा माणूस बहुधा विषयापासून सुरुवात करतो, आणि मीही बरीच वर्षे तेच करत आले. एकाकीपणा या विषयावर मी एकदा दोन अंकी नाटक पूर्ण केले होते. पहिल्या वाचनाच्या वेळी तिसऱ्या प्रवेशात एका अभिनेत्रीने संहिता खाली ठेवली आणि अगदी साधेपणाने विचारले, "हिला या माणसाकडून आत्ता नेमकं काय हवंय?" माझ्याकडे उत्तर नव्हते. माझी सगळी पात्रे एकाकीपणाबद्दल फार चांगले बोलत होती, पण त्यांतले कोणीही मध्येच उठून विंगेत गेले असते तरी कोणाचे काही अडले नसते. तो प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला, आणि तेव्हापासून नाटकासाठी काय शोधायचे याची माझी समजूतच बदलली.

कादंबरी माणसाच्या मनात पन्नास पाने रमू शकते. रंगमंचावर मात्र समोरच्या माणसाकडून काहीतरी हवे असणारा, ते सरळ मागता न येणारा आणि तरीही तिथून निघून जाऊ न शकणारा माणूस लागतो. हेन्रिक इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस' (१८७९) या नाटकामागे त्याच्या ओळखीच्या लॉरा कीलर या लेखिकेच्या आयुष्यातली खरी घटना होती: आजारी नवऱ्याच्या उपचारांसाठी तिने त्याच्या नकळत कर्ज काढले होते. ही हकीकत ऐकून कोणीही कळवळेल, पण नुसत्या कळवळ्यातून प्रवेश उभा राहत नाही. माझ्या मते ते नाटक खरे घट्ट होते ते पत्रपेटीमुळे. नायिका नोराचे गुपित फोडणारे पत्र त्या पेटीत पडते, पेटीला कुलूप असते, किल्ली फक्त नवऱ्याकडे असते, आणि त्याने पेटीकडे जाऊ नये म्हणून नोरा नाचाच्या तालमीचे निमित्त काढून बेभान नाचत राहते. लग्न, पैसा, अब्रू हे सारे मोठे विषय त्या एका कुलपाआड येऊन बसतात. लेखकाने शोधायची असते ती अशी पेटी.

ती शोधण्यासाठी मी आता विषयांची यादी करत नाही. माणसे काय बोलता बोलता थांबतात, ते ऐकते. काही दिवसांपूर्वी एका दवाखान्याबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेली बाई फोनवर कोणाला तरी निरोप रेकॉर्ड करत होती. "मी उद्या येतेय," असे ती म्हणाली, आणि लगेच तिने ते पुसून टाकले. मग "मी उद्या येऊ का?" तेही पुसले. मग "उद्या तू आहेस का, सहज विचारतेय." चौथ्या वेळी तिने बटण दाबून धरले, काही क्षण ती काहीच बोलली नाही, आणि फोन पर्समध्ये ठेवून उठून गेली. ती तीन वाक्ये आणि चौथे मौन मी जसेच्या तसे वहीत उतरवले. पूर्वी मी त्याखाली 'नात्यांतला दुरावा' असे लिहिले असते आणि हाती आलेले नाटक तिथेच घालवले असते. आता मी खाली प्रश्न लिहिले: पलीकडे कोण आहे, न विचारता ही तिथे गेली तर काय होईल, आणि उद्याच का?

याच वाक्यांचे संगीत नाटक होईल का, हाही विचार मी केला. पात्राच्या तोंडी पद घालायचे तर ते गायल्यावाचून त्याला पुढे जाताच येऊ नये, अशी माझी अट असते. इथे ध्रुपदच दर वेळी एक शब्द गमावत परत येईल, आणि शेवटी शब्द उरणार नाहीत, फक्त चाल वाद्यावर वाजेल; म्हणजे ते मौनही गाता येईल. कल्पनेला आपले संगीत लगेच सापडतेच असे मात्र नाही. 'वेस्ट साइड स्टोरी' या अमेरिकी संगीतिकेची कल्पना नृत्यदिग्दर्शक जेरोम रॉबिन्स यांनी १९४९ मध्ये मांडली, तेव्हा त्या प्रेमकथेमागचे वैर ज्यू आणि कॅथलिक घरांतले होते. ती मागे पडली, आणि त्या जागी न्यूयॉर्कच्या तरुण टोळ्या आल्यावर १९५७ मध्ये ती संगीतिका रंगमंचावर आली. मला वाटते, या बदलाने नृत्याला कारण दिले, कारण गल्लीची हद्द राखणारी पोरे तोंडाआधी अंगाने बोलतात.

मूळ गोष्ट तिथेही शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'चीच होती, त्यामुळे 'स्वतंत्र' या शब्दाचे दडपण घेऊ नये असे मी मनापासून सांगते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ मध्ये 'सौभद्र' रंगभूमीवर आणले, तेव्हा सुभद्राहरणाची कथा प्रेक्षकांना तोंडपाठ होती. त्यांनी त्या कथेतून घरातल्या लग्नाचा पेच उभा केला: थोरला भाऊ दुर्योधनाला बहीण द्यायला निघाला आहे, बहिणीचे मन अर्जुनावर आहे, आणि कृष्णाला दादाशी उघड वैर न घेता हे लग्न घडवायचे आहे. कथा जुनी आहे, पण कोणाला कोणाकडून काय हवे आहे हे इतके स्वच्छ दिसते की मी नव्या लेखकांना ते नाटक फक्त तेवढ्यासाठी पुन्हा वाचायला सांगते.

बाकावरच्या त्या बाईला मी अनेक दिवस रंगमंचावर एकटीच ठेवली होती, आणि पुन्हा तेच होऊ लागले. ती सुंदर बोलायची आणि काहीच घडायचे नाही. काल मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक अनोळखी माणूस आणून बसवला. त्याच्या फोनची बॅटरी संपली आहे, त्याला ताबडतोब एक फोन करायचा आहे, आणि हिच्या फोनवर रेकॉर्ड केलेला पण न पाठवलेला निरोप तसाच उघडा आहे. तिने फोन त्याच्या हातात दिला, तिथपर्यंत लिहून झाले आहे.