तुम्ही विचारलंत म्हणून: रिमोटचा ट्रक मध्येच का थांबतो आणि कोणता घ्यावा

"ताई, दहा मिनिटंही चालत नाही. बॅटरी कट होते. पैसे पाण्यात गेले का?" दिवाळीनंतर आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत हा प्रश्न हमखास येतो, कारण माझ्याकडे मल्टिमीटर आहे आणि माझ्या मुलाचे ट्रक मीच दुरुस्त करते. पाठोपाठ दुसरा: "मग कोणता घेऊ, एका वाक्यात सांगा." एका वाक्यात सांगता येत नाही म्हणून मी टाळते, आणि लोकांना वाटतं हिला सांगायचंच नाही. तर आज सगळं लिहिते.

आधी दहा मिनिटांचं. सोबत मिळणाऱ्या बॅटरीवर बरेचदा १५०० एमएएच लिहिलेलं असतं, म्हणजे दीड अँपिअर तासभर देण्याइतकी वीज. ट्रक सरासरी ८ अँपिअर खेचत असेल, तर ती ११ मिनिटांत रिकामी होणार. मैदानात गवत वाढलेलं असेल तर त्याआधीच. हा बिघाड नाही. कोणी खोक्यावर अर्ध्या तासाचा दावा छापला असेल, तर जाब त्याला विचारा.

खरा प्रश्न भरलेल्या बॅटरीवर थांबणाऱ्या ट्रकचा. लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो आणि ३ च्या खाली गेला की कायमचा खराब व्हायला लागतो. म्हणून दोन सेलच्या पॅकला साडेसहा व्होल्टच्या आसपास ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, मोटर बंद करतो. हाच कटऑफ. पण पॅक जुना असेल, प्लग सैल असेल, तर ट्रिगर दाबताक्षणी व्होल्टेज खाली बसतं. ४० अँपिअर खेचताना वाटेत ३० मिलिओहम रोध, म्हणजे विजेला अडथळा, असला तरी १.२ व्होल्ट तिथेच जातात. पॅक ७.४ वर असेल तर त्याचे ६.२ होतात आणि कटऑफ लागतो. बोट काढलं की व्होल्टेज परत वर येतं, म्हणून तुम्ही म्हणता, "थोडं थांबलं की चालते." डिसेंबरच्या सकाळी हे जास्त होतं, कारण गार सेलचा रोध वाढतो. मे महिन्यात नागपुरात दुपारी ४४-४५ अंश असताना बॅटरी ठीक असली तरी ईएससी तापून थांबतो. आणि ईएससीवर बॅटरीच्या प्रकाराची, निकेल की लायपो अशी निवड असेल, तर लायपो लावून ती निकेलवर ठेवू नका. ट्रक जास्त वेळ पळेल खरा, पण कटऑफ वेळेवर लागणार नाही आणि पॅक फुगेल.

आता आमच्या गल्लीतल्या एका मुलाचं सांगते. या विषयावर मी चिडून का बोलते, ते त्यात आहे.

सहावीतला मुलगा. वडिलांनी दिवाळीला ट्रक घेऊन दिला, साडेचार हजारांचा. त्या घरासाठी ही रक्कम लहान नव्हती. काही दिवसांत ट्रक पळता पळता थांबायला लागला. वडील त्याला घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने ट्रक हातात उचलला, ट्रिगर दाबला, चारही चाकं गरगर फिरली. "चालते ना भाऊ! पोट्ट्यानं पाण्यात घातली असंल." मुलगा म्हणाला, घातली नाही. वडिलांनी दुकानातच, चार गिऱ्हाइकांसमोर, त्याला एक ठेवून दिली. आता तुला काही आणणार नाही, असंही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो एकटा माझ्याकडे आला. ट्रक पिशवीत, वर वर्तमानपत्र झाकलेलं. मी विचारलं, थांबतो तेव्हा काय होतं? तो म्हणाला, "काकू, लाइटपण विझतात. स्टिअरिंगपण मरतं." दुकानातही तो हेच सांगत होता.

बिघाड त्या वाक्यातच होता. ईएससीने कटऑफ मारला तर फक्त मोटर थांबते. दिवे चालू राहतात, पुढची चाकं वळतात. सगळंच मेलं, तर बहुतेक वेळा पॅकच्या आतल्या संरक्षक सर्किटने वीज तोडलेली असते. पॅक १८६५० सेलचा होता, म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब असे दोन सेल. चार्जरचा हिरवा दिवा लागला होता. प्रत्येक सेल वेगळा मोजता येतो त्या तीन तारांच्या पांढऱ्या प्लगमध्ये मीटरच्या पिना टेकवल्या: एक सेल ४.२०, दुसरा ३.८४. मग ट्रक भिंतीला टेकवला आणि त्याला ट्रिगर दाबायला सांगितलं, म्हणजे मोटरवर खरा भार येईल. पहिला सेल जागचा फारसा हलला नाही. दुसरा ३.१, २.९, २.७, आणि सगळं बंद. चाकं हवेत असताना भारच नसतो, म्हणून दुकानात ट्रक चालला.

मुलगा आकडे बघत होता. "म्हणजे मी नाही ना केलं?" त्याने हे दोनदा विचारलं.

संध्याकाळी वडिलांना बोलावून मी तेच परत करून दाखवलं. ते गप्प बसून बघत राहिले. दुकानाने पॅक बदलून दिला नाही. त्यांनी दुसरा विकत घेतला आणि ट्रक आजही चालतो. पण मुलाला ते काही बोलले का, मला माहीत नाही. माझ्यासमोर तरी नाही.

म्हणून किमतीचं विचारता तेव्हा मी वेगाबद्दल बोलत नाही. बॅटरीचा प्लग बाजारात मिळतो का? प्रत्येक सेलचं व्होल्टेज मोजता येतं का? चार्जर दोन्ही सेल वेगवेगळे बघतो, की दोघांची बेरीज बघून हिरवा होतो? गिअर तुटला तर सुटा मिळेल का? महागड्या ट्रकमध्ये पैसा इथे गेलेला असतो, आणि तो वसूल होतो. स्वस्तातला घ्यायचाच असेल तर थोडे पैसे सेल तपासायच्या छोट्या मीटरसाठी बाजूला काढा. आणि सुट्टी संपली की पॅक पूर्ण भरून कपाटात टाकू नका. दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा.

"तुम्ही नेहमी महागाचंच सांगता," असं मला ऐकवलं जातं. पूर्वी सांगत होते, अगदी ठामपणे: पैसे साठवा, वर्षभर थांबा, पण चांगलाच घ्या. त्यामागचं गणित आजही बरोबर आहे. पण सहावीतल्या मुलाचं वर्ष केवढं मोठं असतं, ते त्या गणितात नव्हतं. उलट चार हजारांचा घ्या म्हणावं, तर दुसऱ्या महिन्यात कोणाच्या तरी पोराला मार बसायचा. दोन्ही बाजूंनी मी स्वतःशी भांडून झाले आहे, आणि तुमच्या घरचा निर्णय मी घेऊ शकत नाही.

एवढं मात्र करा. ट्रक थांबला की आधी मुलाला विचारा, दिवे विझले का, आणि तो सांगेल ते दुकानात त्यालाच बोलू द्या. दुकानदाराने ट्रक हातात उचलला, तर खाली ठेवून, चाकं भिंतीला भिडवून ट्रिगर दाबायला लावा.