पॅसेजमधली खुर्ची

2022 च्या हिवाळ्यात मी फोनवर एकच वाक्य दिवसातून पंधरा-वीस वेळा बोलत होते. 'प्लगचा हीटर बंद करा, रेडिएटर लावा.' वाक्य बरोबर होतं. प्लगचा हीटर विजेवर चालतो, आणि इथल्या बहुतेक घरांत रेडिएटरमधलं पाणी गॅसच्या बॉयलरवर तापतं. विजेचं युनिट 34 पेन्स आणि गॅसचं 10.3 पेन्स, म्हणजे तिपटीहून जास्त फरक. लंडनमधल्या एका सल्लाकेंद्रात मी वीज-गॅसच्या बिलांचं काम बघते. हे गणित मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हेच वाक्य मी एका काकूंना सांगितलं. मराठीत सांगितलं. त्यामुळे त्यांनी ते जास्तच विश्वासाने घेतलं असं मला आता वाटतं.

काकू तेव्हा 81 वर्षांच्या होत्या. लग्न होऊन 1971 साली गिरगावातून इकडे आल्या, त्याआधी बँकेत लेजर लिहायच्या. काका गेल्यावर जुनं घर एकटीला आवरेना, म्हणून ते विकून स्टेशनजवळच्या नव्या उंच इमारतीत सातव्या मजल्यावर छोटा फ्लॅट घेतला. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) फोनवर त्या म्हणाल्या, "रेडिएटर फार महाग झालाय गं. मी एक छोटा हीटर आणलाय, बसते तिथे तेवढा लावते." मी माझं वाक्य म्हटलं. "दर वाढल्याचं काहीतरी पत्रही आलंय," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "काकू, ते सगळ्यांनाच आलंय. काळजी करू नका, सरकारने मर्यादा घातली आहे." सहा मिनिटांत फोन संपला. रांगेत पुढचे अकरा जण होते.

या मर्यादेबद्दल इथे थोडं सांगायला हवं, कारण तिच्याइतका गैरसमज दुसऱ्या कशाबद्दल मी ऐकलेला नाही. ब्रिटनमध्ये 2018 साली कायदा झाला आणि 1 जानेवारी 2019 पासून ऑफजेम ही नियामक संस्था घरगुती वीज-गॅसच्या दराला कमाल मर्यादा ठरवू लागली. मर्यादा दराला असते, बिलाला नाही. एका युनिटला जास्तीत जास्त किती पेन्स आणि रोजचा स्थिर आकार किती, एवढंच ती ठरवते. आपल्याकडे महावितरणच्या बिलावर स्थिर आकार असतो तसाच हा. शंभर युनिटांनंतर दर चढतो वगैरे टप्पे मात्र इथे नाहीत, पहिलं युनिट आणि हजारावं युनिट एकाच भावाचं. मग एक सर्वसाधारण घर धरायचं (2022 मध्ये ते वर्षाला 2,900 युनिट वीज आणि 12,000 युनिट गॅस वापरणारं होतं), त्याचं बिल काढायचं, आणि तो आकडा वर्तमानपत्रांत मथळा होतो. ऑक्टोबर 2022 चा मथळा 3,549 पौंडांचा होता. तो लोकांना झेपणारच नाही म्हणून सरकारने स्वतःची हमी आणली आणि तोच आकडा 2,500 वर आला. लोकांनी त्याचा अर्थ काढला : वर्षभरात 2,500 च्या वर बिल येणारच नाही, मग कितीही जाळा. तेव्हाच्या पंतप्रधान लिझ ट्रस स्वतः रेडिओवर तसं बोलल्या, तिथे सामान्य माणसाला काय दोष द्यायचा! ती चूक दुरुस्त करण्यात आमचा अख्खा ऑक्टोबर गेला. आणि त्या गडबडीत दुसरा प्रश्न विचारायचा मी विसरले, की ही मर्यादा समोरच्या माणसाला मुळात लागू आहे का?

12 डिसेंबरला, सोमवारी, काकूंचा पुन्हा फोन आला. आदल्या रात्री लंडनमध्ये बर्फ पडला होता. "तू सांगितलंस तसंच केलं गं. रेडिएटरच लावला महिनाभर. आता बिल आलंय, ते मला कळत नाहीये." मी आकडा विचारला. 192 पौंड, तीन पेन्स. फक्त नोव्हेंबरचं. मला आधी वाटलं, तीन महिन्यांचं असेल आणि काकूंच्या वाचण्यात गफलत झाली असेल. बँकेत लेजर लिहिणाऱ्या बाईबद्दल मी हे मनात आणलं, याची आजही लाज वाटते.

दुपारी मी त्यांच्या घरी गेले. घरभेटीची आमची एक पिशवी असते : टॉर्च, रेडिएटरची किल्ली, भिंतीला टेकवायचा पुठ्ठ्याचा थर्मामीटर आणि प्लगमध्ये खोचायचा वीज मोजणारा छोटा मीटर. सातव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि गरम हवेचा झोत अंगावर आला. बाहेर शून्याखाली गेलेलं, आणि या पॅसेजला एकही खिडकी नाही, एकही रेडिएटर नाही, तरी उकडत होतं. मी कोट काढला. आणि पॅसेजच्या टोकाला, आपल्या दाराशी, काकू खुर्चीवर बसल्या होत्या. जेवायच्या टेबलाची लाकडी खुर्ची, त्यावर उशी. मांडीवर ताट, ताटात मेथीची जुडी. त्या मेथी निवडत होत्या.

"इथे बरं वाटतं," त्या म्हणाल्या. "दुपारी कुणी नसतं. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटतं, म्हातारी हवा खातेय."

पॅसेजमध्ये थर्मामीटर 26 दाखवत होता. आत, त्यांच्या बैठकीच्या खोलीत, साडेतेरा.

मी दाराशेजारचं कपाट उघडलं. त्यात बॉयलर नव्हता. पांढरा पत्र्याचा डबा होता, वर दोन पाइप, खाली दोन पाइप, आणि मध्ये छोटा आकडे दाखवणारा मीटर. आमच्या धंद्यात याला एचआययू म्हणतात. तळघरात सगळ्या इमारतीचा मिळून एक मोठा बॉयलर असतो, तिथून गरम पाणी उभ्या पाइपांनी प्रत्येक मजल्यावर चढतं आणि या डब्यातून प्रत्येक घराला उष्णता मिळते. घरात गॅस येतच नाही, उष्णताच युनिटवर विकली जाते. डबा पाहिला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. कारण इमारत चालवणारा एजंट तळघरासाठी जो गॅस घेतो, तो व्यापारी ग्राहक म्हणून. ऑफजेमची मर्यादा घरगुती ग्राहकाला. काकूंच्या विजेला ती लागू होती, उष्णतेला नाही. ब्रिटनमध्ये अशी सुमारे पाच लाख घरं आहेत. आमच्या प्रशिक्षणात त्यांच्या वाट्याला एक स्लाइड आली होती, जेवणाच्या सुट्टीच्या अगदी आधीची.

मीटरचं बटण दाबत गेलं की एकेक आकडा येतो. एकूण युनिट, वाहिलेलं पाणी, मग आत येणाऱ्या पाण्याचं तापमान आणि परत जाणाऱ्याचं. येताना 68, जाताना 59. चांगल्या व्यवस्थेत पाणी परत जाताना बरंच थंड झालेलं हवं. इथे ते जवळजवळ तसंच गरम परत जात होतं, आणि वाटेत पॅसेज तापवत होतं. छताच्या पोकळीतले पाइप उघडे असणार, हे पाहायला शिडीची गरज नव्हती. त्या तापलेल्या पॅसेजचे पैसे कोण देतं? बॉयलरने जाळलेला सगळा गॅस शेवटी घरोघरच्या युनिटांवरच वाटला जातो. काकू पॅसेजमध्ये फुकट शेकत नव्हत्या. ती ऊबही त्यांच्याच बिलात होती.

"ते पत्र आहे का हो, ऑक्टोबरमधलं?" मी विचारलं. त्यांनी ते फायलीतून लगेच काढून दिलं. उष्णतेचा दर 9.2 पेन्सवरून 38.6 पेन्स.

मी ते दोनदा वाचलं. 38.6. आणि वीज 34. म्हणजे त्या इमारतीत प्लगचा हीटर रेडिएटरपेक्षा स्वस्त होता. ज्या हीटरवरून मी त्यांना टोकलं, तो आणण्याआधी त्यांनी हिशेब केला होता. हिशेबाची वहीही होती. लांबट, लाल पुठ्ठ्याची, रोज सकाळचं रीडिंग देवनागरी आकड्यांत. एका पानावर दोन उभ्या रकान्यांत त्यांनी लिहिलं होतं : हीटर 750 वॅट, सहा तास, साडेचार युनिट, 1 पौंड 53 पेन्स. रेडिएटर, एक दिवस, 18 युनिट, 6 पौंड 95 पेन्स.

"माझं गणित चुकलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही काकू. माझं चुकलं."

त्या काहीच बोलल्या नाहीत. आत जाऊन चहा टाकला.

आता खरा पेच. व्यापारी ग्राहकांसाठीही सरकारने 1 ऑक्टोबरपासून सहा महिन्यांची एक सवलत आणली होती : गॅसच्या घाऊक भावाला युनिटमागे साडेसात पेन्सची पातळी, वरचा फरक सरकार भरणार. आणि 1 नोव्हेंबरपासून नियम होता की ज्या मध्यस्थाला ही सवलत मिळते त्याने ती रहिवाशांपर्यंत पोचवायचीच. एजंटने दर ठरवला सप्टेंबरमध्ये, सवलत जाहीर व्हायच्या आधी, आणि पुढे तो बदललाच नाही. मी बिलाच्या पाठीवर आकडेमोड केली. सवलत धरली आणि निम्मी उष्णता पाइपात वाया जाते असं मानलं, तरी काकूंचा दर 20 ते 25 पेन्सच्या दरम्यान यायला हवा होता. तो आला, की रेडिएटर पुन्हा स्वस्त. नाही आला, तर हीटर स्वस्त. आणि रात्री पारा पुन्हा शून्याखाली जाणार होता.

मी तिथूनच एजंटच्या कार्यालयात फोन लावला. एका मुलाने उचलला. सभ्य होता, आवाजावरून पंचविशीतला. तो म्हणाला, ती योजना व्यवसायांसाठी आहे, तुमची इमारत निवासी आहे. मी म्हटलं, निवासी आहे तर घरगुती मर्यादा लावा. तो म्हणाला, ती लागत नाही, आमचं कंत्राट व्यापारी आहे. ही दोन्ही वाक्यं तो एका दमात बोलला, आणि त्यांत काही विसंगत आहे असं त्याला वाटलं नाही. मी त्या मुलाला दोष देत नाही. त्याला कुणी काही शिकवलेलंच नव्हतं. ज्यांनी शिकवायला हवं होतं ते फोनवर कधीच येत नाहीत.

काकू चहाचे कप घेऊन समोर बसल्या. स्वेटरवर शाल, शालीवर काकांचा जुना कोट. म्हणाल्या, "मग आज रात्री काय लावू, ते सांग."

उष्णतेचा दर शेवटी 38.6 राहणार की खाली येणार, हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांच्या कामात, लावा की लावू नका याचं उत्तर माझ्यापाशी नाही, असं पहिल्यांदाच झालं. मी म्हटलं, "काकू, आज दोन्ही लावा. झोपायच्या खोलीचा रेडिएटर 18 वर आणि बसायला हीटर. हिशेब मी बघते."

"हिशेब मी पण बघते," त्या म्हणाल्या.

पुढे कागदपत्रांची लढाई झाली. ती इथे सगळी लिहीत नाही. काकूंनी फ्लॅट विकत घेतला होता तो लीजवर, म्हणजे लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर, आणि 1985 च्या कायद्याने अशा रहिवाशाला देखभाल खर्चाची मूळ बिलं बघायचा हक्क आहे. जानेवारीत काकू, खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त शिक्षक आणि मी असे तिघं फायली बघायला बसलो. गॅसच्या बिलावर सवलत नोव्हेंबरपासून जमा झालेली स्पष्ट दिसत होती. खाली अजून एक गोष्ट सापडली, आणि ती काकूंना सापडली, मला नव्हे. व्हॅट 20 टक्के लावलेला. वर हवामान-बदल कर. घरांच्या हीटिंगसाठीच्या गॅसला व्हॅट 5 टक्के आणि तो कर माफ. त्यासाठी पुरवठादाराला फक्त एक प्रमाणपत्र भरून द्यावं लागतं. एक पान! इमारत उभी राहिल्यापासून ते पान कुणी भरलेलं नव्हतं. काकूंनी आकड्याखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढली आणि वही माझ्याकडे सरकवली. त्या रेघेचा फोटो मी आजही नवीन सहकाऱ्यांना दाखवते.

मार्चमध्ये दर 1 ऑक्टोबरपासून मागे जाऊन 23 पेन्स झाला. व्हॅटचा परतावा वेगळा, तो बराच नंतर आला. एजंटने पत्रात 'आनंद होतो' असे शब्द वापरले होते.

पण परतावा युनिटावर असतो. 38.6 वजा 23, जितकी युनिट वापरली तितक्याने गुणायचं. ज्यांनी हिवाळाभर बिनधास्त रेडिएटर लावले त्यांना घसघशीत रक्कम मिळाली. काकूंनी त्या बर्फाच्या आठवड्यात माझं ऐकून दोन्ही लावलं, आणि मग पुन्हा पॅसेजमध्ये जाऊन बसल्या. सहा महिन्यांत त्यांची एकूण युनिट हजारच्या आसपास भरली. परतावा 156 पौंड. साडेतेरा डिग्रीत काढलेल्या दिवसांचं मीटरवर एकही युनिट नव्हतं, त्यामुळे त्यांचं काहीच परत आलं नाही. ऑक्टोबरमध्ये त्या पत्राचा उल्लेख झाला तेव्हा मी 'वाचून दाखवा' म्हटलं असतं, तर भांडण दोन महिने आधी सुरू झालं असतं. हे मी अजूनही मोजत बसते.

आता मी कुणालाही काही सांगण्याआधी विचारते, तुमच्या घरात बॉयलर कुठे आहे? 2023 च्या ऊर्जा कायद्याने अशा सामायिक उष्णतेच्या इमारती ऑफजेमच्या कक्षेत आणल्या, आणि जानेवारी 2026 पासून ते प्रत्यक्षात सुरू झालं. दर रास्त हवा, हिशेब दाखवायला हवा, असे नियम आहेत. घरगुती गॅसला आहे तशी दराची मर्यादा मात्र या उष्णतेला अजूनही नाही.

पुढच्या हिवाळ्याआधी रहिवाशांनी एजंटच्या मागे लागून पाइपांना इन्सुलेशन करून घेतलं. मी डिसेंबरमध्ये गेले तेव्हा सातव्या मजल्यावरचा पॅसेज गार होता. काकूंनी खुर्ची आत नेली होती. रेडिएटर खिडकीखाली मंद तापत होता, आणि खुर्ची खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती, हीटरजवळ.