पोर्तुगीज अपडेट: जे दिसतंय ते बोलत सुटायचं

तर सध्या ग्रामर बाजूला ठेवलंय आणि फक्त एकच उद्योग चालूय, यूट्यूबवर ब्राझीलच्या शहरांतले चालत चालत काढलेले व्हिडिओ लावायचे, आवाज म्यूट करायचा आणि स्क्रीनवर जे जे दिसेल ते मोठ्यांदा बोलत राहायचं. घरच्यांना वेड लागल्यासारखं वाटतं ते सोडा. (उच्चार देवनागरीत बसतील तसे बसवलेत, समजून घ्या.)

साओ पाउलोची आवेनिदा पाउलिस्ता रविवारची बघा, त्या दिवशी गाड्या बंद असतात त्यामुळे रस्ताभर माणसं, सायकली, गाणी म्हणणारे, बोलायला मटेरियलच मटेरियल. निम्मं काम एकटा 'तेंय' करतो. पुस्तकात 'आहे'साठी 'आ' शिकवतात पण ब्राझीलमध्ये बोलताना सगळे 'तेंय'च म्हणतात. 'तेंय उं मोंची जी झेंची', म्हंजे ढीगभर माणसं आहेत. मग कोण काय करतंय त्याला 'ता', हा 'इस्ता'चा झिजलेला अवतार, 'ता शोवेंदु' पाऊस पडतोय, 'ता दांसांदु' नाचतोय. एवढ्या दोन खुंट्यांवर बरंच काही टांगता येतं, खरंच.

शब्द अडला की 'नेगॉसिउ'. डिक्शनरीत अर्थ धंदा, पण बोलण्यात वस्तू, प्रकार, ते हे आपलं काय ते, सगळं त्यात येतं. त्याच रस्त्यावर मास्प म्युझियम आहे, लीना बो बार्दीचं डिझाइन, 1968 ची इमारत, दोन अवाढव्य लाल बीमांना अख्खी बिल्डिंग लटकवलेली आणि खाली 74 मीटर लांब मोकळी जागा, आता बीमला काय म्हणतात ते कोण बघत बसणार, 'उं नेगॉसिउ वेर्मेल्यु एनॉर्मी' म्हटलं, एक भलंमोठं लाल काहीतरी, आणि पुढे. दुसरा लाडका 'मेयु'. 'मेयु अझूउ' निळसर, 'मेयु तोर्तु' वाकडंसं. रंग नक्की सांगता येत नाही तिथे हा हमखास वाचवतो.

खरी गोची जागेच्या शब्दांची. 'अकी' इथे, 'अली' तिथे, 'ला' पार तिकडे, इथवर आपल्याला सोपं. पण मधे एक 'अई' आहे, ऐकणाऱ्याच्या जवळचं 'तिथे', आणि व्हिडिओसमोर एकटं बडबडताना ऐकणारा कोणी नसतोच त्यामुळे तो तोंडात येतच नाही! म्हणून आता ग्रुपमधल्या एकाबरोबर कॉलवर खेळ सुरू केलाय, फोटो फक्त एकाकडे, दुसरा विचारणार 'उ की की तेंय अई?' म्हंजे तुझ्याकडे तिथे काय काय आहे, आणि सांगेल तसं कागदावर काढणार. चित्रं भयाण येतात पण डावीकडे, मागे, वर, बाजूला हे सगळं यातूनच पक्कं झालं, फ्लॅशकार्डांनी कधी झालं नव्हतं.

उद्गार पण घ्या सोबत. 'ऑल्या सॉ!' (बघ तरी), 'ता वेंदु?' (दिसतंय ना), 'दा प्रा वेर दकी' (इथून दिसतं). हे नसले तर बोलणं पंचनाम्यासारखं वाटतं.

पोर्तुगालची पोर्तुगीज शिकणाऱ्यांनी यातलं सगळं जसंच्या तसं उचलू नका. तिकडे 'शोवेंदु' नाही, 'आ शुवेर' लावतात, बसला ऑनिबुस नाही तर आउतुकार्रु, ट्रामला बाँजी नाही तर इलेत्रिकु. गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज बोलणाऱ्यांची भाषा पण लिस्बनच्या वळणाची, तेव्हा मडगाव-पणजीकडे गप्पा मारायच्या असतील तर आधीच ठरवा. दोन्ही एकदम शिकायचा मोह मला तरी परवडणारा नाही.

आता पुढची पायरी म्हंजे व्हिडिओ बंद करून काय दिसलं होतं ते सांगायचं, 'तिन्या' आणि 'तावा'. म्हंजे होतं आणि करत होता. तोवर रविवारी फोटोच्या खेळाला अजून कोणी येणार असेल तर बोला, फक्त समुद्रकिनाऱ्याचे फोटो आणू नका, आकाश निळं पाणी निळं, दोन वाक्यांत संपतं.